चौदा वर्षे आणि त्यानंतर

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षांची शिक्षा, ही समजूत आपल्याकडे फार रूढ आहे. कायद्याला मात्र ती मान्य नाही. जन्मठेप म्हणजे अपराध्याच्या उरलेल्या आयुष्याचा कारावास, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये गोपाळ गोडसे यांच्या अर्जावर दिला. तुरुंगात मिळविलेली सूट धरून वीस वर्षे भरली, तरी तेवढ्याने सुटकेचा हक्क उत्पन्न होत नाही. उरलेली शिक्षा शासनाने माफ केली, तरच दार उघडते.

ही माफी किती वर्षांनी द्यावी, यावर १९७८ पर्यंत कायद्याचे किमान बंधन नव्हते. खुनासारख्या गुन्ह्यातील काही अपराधी थोड्याच वर्षांत सुटत. त्या वर्षी फौजदारी प्रक्रिया संहितेत ४३३-अ हे कलम आले. ज्या गुन्ह्याला देहान्ताचीही शिक्षा सांगितली आहे, त्यातील जन्मठेपेच्या बंद्याला चौदा वर्षे प्रत्यक्ष भोगल्यावाचून सोडता येणार नाही, असे त्याने ठरविले. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरविले; राष्ट्रपती व राज्यपाल यांचे घटनादत्त अधिकार मात्र अबाधित राहिले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही हीच मर्यादा कायम आहे.

संचित रजा किंवा अभिवचन रजा ही गोष्ट निराळी. तिच्या योगे बंदी काही दिवस घरी जातो व परत येतो. शिक्षा संपत नाही.

तेव्हा चौदा वर्षे हा उंबरठा आहे, मुक्काम नव्हे. तेथे पोहोचलेल्या बंद्याविषयी खरा विचार तेथून सुरू होतो. गुन्ह्याचा समाजावर कितपत परिणाम झाला, तो पुन्हा घडण्याचा संभव आहे काय, या माणसाला आणखी डांबून काही साधेल काय, त्याच्या कुटुंबाची स्थिती कशी आहे, असे निकष सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये सांगितले आहेत.

हा विचार किती काटेकोर हवा, याचे उदाहरण ताजे आहे. गुजरातेतील २००२ च्या दंगलीतील सामूहिक बलात्कार व हत्यांच्या खटल्यात जन्मठेप भोगणारे अकरा जण १५ ऑगस्ट २०२२ रोजी सोडण्यात आले. खटला मुंबईत चालला होता. म्हणून माफीचा अधिकार गुजरात शासनाचा नसून महाराष्ट्र शासनाचा होता, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी ती माफी रद्द केली. अकराही जणांना पुन्हा तुरुंगात जावे लागले.

याची दुसरी बाजूही आहे. अर्ज लिहून देणारा कोणी नाही, म्हणून उंबरठा ओलांडूनही आत खितपत पडणारे बंदी असतात. जेथे माफीचे धोरण आहे, तेथे शासनाने अर्जाची वाट न पाहता पात्र बंद्यांचा विचार करावा आणि निर्णयाची कारणे द्यावीत, असे न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये बजावले.

किमान वर्षे कायदा ठरवू शकतो. माणूस बदलला की नाही, हे आकडा सांगू शकत नाही. ज्यांचे माणूस गेले, त्यांना सुटकेची वार्ता अवचित कळू नये. आणि ज्याने शिक्षा भोगली, त्याला उत्तरावाचून ताटकळावे लागू नये. या दोघांनाही कारणांसह निर्णय मिळणे, यातच न्यायाची प्रतिष्ठा आहे.