ब्रिटनची रेल्वे कोणाची?



निवडणूक आली की ब्रिटनमध्ये राष्ट्राभिमानाची भाषणे रंगतात. पण त्यांची रेल्वे पाहा. १९९३ च्या कायद्याने तिचे तुकडे केले. रूळ एका कंपनीचे, देखभाल ठेकेदाराची, गाड्या तिसऱ्याच्याच. ऑक्टोबर २००० मध्ये हॅटफिल्डला तडे गेलेला रूळ तुटला, चार जण ठार झाले. पुढे डच, जर्मन, इटालियन सरकारी रेल्वेच्या कंपन्या तिथल्या गाड्या चालवू लागल्या. म्हणजे सरकारी मालकी चालते, फक्त स्वतःच्या सरकारची नको! टपालाचे तेच. रॉयल मेल २०१३ मध्ये बाजारात काढली, २०२५ मध्ये चेक उद्योगपतीकडे गेली. तिकिटावर राजाचे डोके मात्र कायम.

आता २०२४ च्या कायद्याने, ठेक्याची मुदत संपेल तशा प्रवासी गाड्या सरकारकडे परत येत आहेत. मग एवढा वळसा कशासाठी घातला? आपल्याकडे खाजगीकरणाची भाषा करणाऱ्यांना आम्ही हेच विचारतो आहोत.