खुर्ची मिळाली, चाबी कुठे आहे?

(चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील कार्यकर्त्या, सरपंच आणि आरोग्य कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

जेवणानंतरचे भाषण ही बोलणारीची आणि ऐकणारीची, दोघींचीही परीक्षा असते. त्यामुळे फार लांबण लावणार नाही. मला विषय दिला आहे तो असा, की कामाच्या ठिकाणी पुढाकार घेणाऱ्या, चार माणसांना काम सांगणाऱ्या बाईला बळ कशाने मिळते? एरवी आपल्याला उलटा प्रश्न विचारतात. बायका मागे का पडतात? आणि उत्तरही ठरलेले असते. आत्मविश्वास नाही, शिक्षण नाही, चारचौघांत बोलायची सवय नाही. म्हणजे खोट बाईतच. खरे सांगते, मीसुद्धा बरीच वर्षे हेच उत्तर पिशवीत घालून गावोगाव प्रशिक्षणे घेत फिरले. ते उत्तर माझ्याकडून एका बाईने काढून घेतले. तिची गोष्ट आधी सांगते.

1990 च्या दशकाच्या अखेरची गोष्ट. गडचिरोली जिल्ह्यातले जंगलाला लागून असलेले गाव. गावाचे आणि तिचे नाव सांगत नाही, कारण तिला अजून तिथेच राहायचे आहे. पंचायतीत स्त्रियांना एक तृतीयांश जागा देणारी 73 वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली होती आणि नव्याने निवडून आलेल्या स्त्रियांचे आम्ही शिबिर घेत होतो. मी तासभर हिमतीवर बोलले. घाबरू नका, खुर्चीवर ताठ बसा, प्रश्न विचारा. बायांनी टाळ्या वाजवल्या. मग मागच्या रांगेतली एक सरपंच उठली आणि म्हणाली, “ताई, हिंमत तं आहे जी. मोहफुलं वेचाले आम्ही पहाटे अंधारात जंगलात जातो. अस्वल असते, तरी जातो. पण पंचायतीच्या कपाटाची चाबी उपसरपंचाच्या घरी आहे, तिचं काय करू?”

कपाटात काय होते? शिक्का, चेकबुक आणि ठरावाची वही. म्हणजे पंचायतच कपाटात होती. कागद उपसरपंचाच्या घरी लिहिले जात आणि सहीसाठी तिच्या घरी पाठवले जात. ती धान निवडता निवडता सही करी. माझ्या तासाभराच्या भाषणात चाबीबद्दल एक शब्द नव्हता. त्या दिवशी मी पहिल्यांदा स्वतःला विचारले, की अस्वलाला न घाबरणाऱ्या बाईला मी हिंमत कसली शिकवते आहे?

तेव्हापासून मी एकच पाहत आले आहे. जिथे बाई पदावर टिकली, तिचा शब्द चालला, तिथे तिच्या हाताशी नेमके काय होते? दोन जिल्ह्यांतला हा अनुभव मी तुमच्यापुढे पाच मुद्द्यांत मांडते.

पहिला मुद्दा, हातात खरे कसब आणि पाठीशी उभे राहणारे कुणीतरी. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1990 च्या दशकात 39 गावांत नवजात बाळांच्या घरोघरी काळजीचे काम उभे केले. ते काम कुणी केले? गावातल्याच, थोड्याफार शिकलेल्या बायांनी. त्यांना आरोग्यदूत म्हणतात. बाळाचे वजन करणे, ताप पाहणे, श्वास मोजणे आणि जंतुदोषाची लक्षणे ओळखून इंजेक्शन देणे, हे सगळे त्या शिकल्या. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याचे निष्कर्ष आले. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालकांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले होते.

आकडा मोठा आहेच, पण मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्या गावात सून सासऱ्यासमोर बोलत नाही, त्याच गावात बाळाला श्वास लागला की सासरा स्वतः आरोग्यदूत बाईच्या दारात उभा राहतो. हे तिने भाषण करून मिळवले नाही. तिच्याकडे वजनकाटा होता, औषध होते, नियमित शिकवणारे, तपासणारे लोक होते. चुकले तर तिला एकटीला दोष न देता पुन्हा शिकवण्याची पद्धत होती. हीच कामाची पद्धत 2011 पासून देशभर आशाताईंमार्फत राबवली जाऊ लागली. पण पाहा, काम देशभर गेले, आणि ते करणारी बाई आजही सरकारी कर्मचारी नाही. तिला पगार नाही, मोबदला आहे. जबाबदारी पक्की आणि पद कच्चे. इथे बसलेल्या आशाताईंना हे मी काय सांगणार!

दुसरा मुद्दा, संख्या. बैठकीत एकटी बाई असली की ती पाहुणी असते. दोघी असल्या तर एकमेकींकडे पाहतात. पाच-सहा झाल्या की बोलू लागतात. हे मी अनुभवाने सांगते आहे, आणि अभ्यासही तेच सांगतात. बीना अगरवाल या अर्थतज्ज्ञ बाईंनी गुजरात आणि नेपाळमधल्या वनसमित्यांचा अभ्यास केला. त्यांचे पुस्तक 2010 मध्ये आले. कार्यकारिणीत स्त्रिया चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतक्या झाल्या की त्यांची हजेरी आणि बोलणे दोन्ही लक्षणीय वाढते, असे त्यांना आढळले.

आपल्याकडे तर हे जंगलाशीच जोडलेले आहे. वनहक्क कायदा 2006 चा. त्याच्या नियमांप्रमाणे गावाच्या वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. 2012 च्या दुरुस्तीनंतर ग्रामसभेला हजर असलेल्यांतही किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. एरवी वनखात्याकडे असलेला अधिकार गावाकडे आला, हा केवढा मोठा दिवस! पण आपण बायांनी घरी जाऊन आपापल्या ग्रामसभेत एक प्रश्न विचारायचा आहे. तेंदू वेचतो आम्ही, पुडे बांधतो आम्ही, फळीवर मोजून देतो आम्ही. मग ग्रामसभेच्या बँकखात्यावर सही कुणाची आहे? तिथे बाईची सही नसेल, तर चाबी पुन्हा दुसऱ्याच्या घरी गेली असे समजा.

इथे दारूबंदीची आठवण काढलीच पाहिजे. गडचिरोलीत 1993 मध्ये दारूबंदी झाली. चंद्रपूरच्या बायांनी 2010 मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळापर्यंत पायी मोर्चा नेला. 2015 च्या एप्रिलमध्ये चंद्रपूर जिल्ह्यात बंदी लागू झाली आणि 2021 मध्ये ती उठवली गेली. बंदी असावी की नसावी यावर या सभागृहातही दोन मते असतील. ते बाजूला ठेवू. पण रस्त्यावर हजारो बाया होत्या, त्यांचे नेतृत्व सगळ्यांनी पाहिले, आणि निर्णय करण्याच्या टेबलाभोवती त्या किती होत्या? मोर्चाच्या पुढे चालणे आणि निर्णयाच्या जागी बसणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण पहिली शिकलो आहोत. दुसरी मागायला अजून संकोचतो.

तिसरा मुद्दा, सुरक्षितता. हे बोलताना मन जड होते. नोव्हेंबर 2021 मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात एक तरुण महिला वनरक्षक वाघांच्या गणनेसाठी खुणा शोधत पायी फिरत होती. बरोबर तीन मजूर होते आणि पुढे ती होती. वाघिणीच्या हल्ल्यात ती गेली. त्याच वर्षी मार्चमध्ये मेळघाटात एका महिला वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याने आत्महत्या केली. मृत्यूपूर्वी लिहिलेल्या पत्रांत वरिष्ठाकडून होणाऱ्या छळाची तक्रार होती.

या दोन मृत्यूंत फरक आहे. जंगलात वाघ असणार, हे वर्दी घालणाऱ्या प्रत्येकीला माहीत असते. तिथे बाईला वेगळी सवलत नको. नीट साधने, पुरेसे सोबती आणि धोका दिसल्यावर थांबण्याचा अधिकार हवा, आणि तो पुरुषालाही हवा. पण आपल्याच कार्यालयातल्या माणसाची भीती हा कामाचा भाग नाही. तो धोका माणसाने निर्माण केलेला आहे, म्हणून तो माणसाला थांबवता येतो.

त्यासाठी कायदा आहे, आणि तो कुठून आला हे विसरू नका. राजस्थानात भंवरीदेवी ही गावपातळीवर काम करणारी ‘साथिन’. बालविवाह थांबवणे हे तिचे नेमून दिलेले कामच होते. ते केले म्हणून 1992 मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्या प्रकरणातून स्त्री-संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, 1997 चा विशाखा निकाल आला आणि 2013 मध्ये कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत तक्रार समिती हवी. लहान कार्यालये, शेतमजूर, घरकामगार यांच्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती हवी. म्हणजे खेड्यात काम करणाऱ्या बाईच्या वेदनेतून आलेला हा कायदा आहे. तो शहरातल्या कंपन्यांचाच आहे असे समजून आपण सोडून देतो. उद्या परत गेल्यावर आपल्या जिल्ह्याच्या समितीवर कोण आहे, एवढे तरी विचारून ठेवा.

सुरक्षिततेतच मी संडास आणि बस या गोष्टी धरते. हसू नका. ज्या चौकीत संडास नाही तिथली बाई सकाळपासून पाणी पीत नाही. मुक्कामी बस चुकली की जिची रात्रीची सोय नाही, ती तालुक्याच्या बैठकीतून तीन वाजताच उठते. महत्त्वाचा ठराव मात्र साडेतीनला होतो. मग म्हणतात, बाईंना रस नाही.

चौथा मुद्दा, घर. नवरा साथ देतो का, असे आपण विचारतो. साथ म्हणजे काय ते नीट ठरवले पाहिजे. बैठकीत बायकोच्या शेजारी बसून तिच्या वतीने बोलणाऱ्याला लोक ‘सरपंचपती’ म्हणतात. ती साथ नव्हे. एका गावात मी दुसरी साथ पाहिली. सरपंच बाई तालुक्याला गेली होती, आणि नवरा चुलीपुढे बसून भाकरी थापत होता. भाकरी वाकड्या होत होत्या. शेजारचे हसत होते. तो म्हणाला, “हसा जी. रोवणी चालू आहे, पोरं उपाशी ठेवू का?” पंचायतीच्या एकाही कागदाला त्याने हात लावला नव्हता. बैठकीची वेळ, रोवणीचा आणि तेंदूचा हंगाम, लेकराला सांभाळायला कुणी आहे का, याचा विचार करून जे काम आखतात, त्यांच्याकडे बाया टिकतात. हा उपकार नव्हे, कामाची रीत आहे.

पाचवा आणि शेवटचा मुद्दा, वेळ. आरक्षण फिरते असते. पाच वर्षांत बाई शिकते, सहाव्या वर्षी खुर्ची जाते. पश्चिम बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यातला एक अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे लागोपाठ दोन वेळा प्रमुखपद स्त्रियांसाठी राखीव राहिले, त्या गावांत आईबापांच्या मुलींबद्दलच्या अपेक्षा वाढल्या, मुलगा-मुलीच्या शिक्षणातले अंतर मिटत गेले आणि मुलींचा घरकामातला वेळही कमी झाला. एका खेपेत हे घडत नाही. गावाच्या डोळ्यांना बाई खुर्चीवर पाहायची सवय व्हावी लागते. महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना निम्म्या जागा आहेत. जागा आहेत, पण एकदा शिकलेली बाई पुन्हा खुल्या जागेवर उभी राहते का, तिला कुणी उभे करते का, ही खरी परीक्षा आहे.

आता त्या सरपंचाचे पुढे काय झाले, ते सांगते आणि थांबते. चाबीसाठी ती भांडली नाही. पुढच्या मासिक बैठकीला बचत गटातल्या सहा बायांना दारात बसायला घेऊन गेली. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या बसल्या. तिने ग्रामसेवकाला ठराव लिहायला लावला की पंचायतीचे दप्तर पंचायतीच्याच कार्यालयात राहील. ठराव मुलीकडून दोनदा वाचून घेतला आणि मगच सही केली. चाबी आठ दिवसांनी परत आली. उपसरपंचाने तिच्याशी बोलणे टाकले. घरकुलाची दोन कामे तिच्या हातून झाली, तिसरे अडले. मुदत संपली, खुर्ची गेली. पुढच्या निवडणुकीला तिला कुणी उभे केले नाही.

काही वर्षांनी मी त्या गावी गेले, तेव्हा ती ग्रामसभेत जमिनीवर बसली होती आणि नव्या सरपंचाला हातपंपाचा हिशेब विचारत होती. तिच्या बाजूला आणखी चौघी होत्या. मी विचारले, “आता कसं वाटते?” ती म्हणाली, “खुर्ची गेली ताई. पण कपाटात काय असते, ते तं आता माहीत आहे ना.”

मैत्रिणींनो, आपण एकमेकींना हिंमत देतो, ते चांगलेच आहे. यापुढे एखादी नवी बाई पदावर आली, की तिच्या गळ्यात हार घालण्याआधी एवढे विचारा: बाई, चाबी कुणाजवळ आहे? आणि ती दुसऱ्याजवळ असेल, तर तिच्याबरोबर दारात जाऊन बसा.