परोपकाराचे उच्च शिक्षण : कोणासाठी, कोणाच्या हाती?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



लोककल्याणाच्या कामासाठी विद्यापीठाची पदवी असावी की नसावी, हा प्रश्न समाजवादी कार्यकर्त्याला एके काळी केवळ पुस्तकी वाटला असता. आज तो त्याच्या घरात येऊन उभा आहे. ज्या घरातील आजोबा सेवादलाच्या शाखेवर वाढले, ज्या घरातील आजीने महागाईविरोधी मोर्च्यात लाटणे हाती घेतले, त्याच घरातील नात आज विकास व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घेते आणि एखाद्या कंपनीच्या सामाजिक उत्तरदायित्व विभागात नोकरीस लागते. जुने कार्यकर्ते म्हणतात, सेवेचा बाजार मांडला. नात म्हणते, तुमच्या संस्थांचे हिशेब वेळेवर झाले नाहीत आणि कार्यकर्त्याच्या आजारपणात औषधालाही पैसे नव्हते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच केवळ हळहळून वा केवळ कौतुक करून हा विषय सुटणारा नाही. परोपकाराचे शिक्षण कसे जन्मले, त्याचा खर्च कोणी केला आणि त्याने कोणाची बाजू घेतली, हे इतिहासाच्या आधारे तपासले पाहिजे.

या शिक्षणाचा आरंभ अमेरिकेत झाला. १८८९ साली पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी याने धनिकांनी आपली संपत्ती हयातीतच लोकहितार्थ खर्चावी, असा सिद्धांत मांडला. अवघ्या तीन वर्षांनी, १८९२ मध्ये, त्याच्याच होमस्टेड येथील कारखान्यात वेतनकपातीविरुद्धचा लढा मोडण्यासाठी सशस्त्र रखवालदार आणण्यात आले. कामगारांच्या वेतनातून कापलेला पैसा ग्रंथालयांच्या रूपाने परत येऊ लागला. असा पैसा वाढला तसा तो वाटणाऱ्या माणसांचा वर्गही वाढला. या वर्गाला शास्त्रशुद्ध शिक्षण हवे, अशी मागणी १८९७ साली मेरी रिचमंड यांनी केली आणि १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या धर्मादाय संघटनेने सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग सुरू केला. १९०४ पर्यंत त्याचे पूर्ण वर्षाच्या विद्यालयात रूपांतर झाले होते. त्या विद्यालयाच्या नावात 'परोपकार' हा शब्द होता. १९१७ मध्ये तो काढून 'समाजकार्य' हा शब्द योजण्यात आला. हा बदल अर्थपूर्ण होता. परोपकार म्हटले की दात्याचे नाव डोळ्यांसमोर येते. समाजकार्य म्हटले की समाजाचे. गरिबी हा व्यक्तीचा दुर्गुण नसून ती समाजव्यवस्थेतून निपजते, ही जाणीव त्या काळात हळूहळू रुजत होती.

याच काळात लंडनमध्ये घडलेला एक प्रसंग भारतीय समाजवाद्यांनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे. जमशेटजी टाटांचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा यांनी दारिद्र्याच्या कारणांचा अभ्यास व्हावा म्हणून लंडन विद्यापीठाला दरसाल १,४०० पौंडांची देणगी दिली. त्यातून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये उभ्या राहिलेल्या अभ्यासकेंद्राचे पहिले संचालक झाले आर. एच. टॉनी. १९१३ मध्ये दिलेल्या आरंभीच्याच व्याख्यानात टॉनींनी दारिद्र्य हा औद्योगिक प्रश्न आहे, असे प्रतिपादन केले. गरिबाच्या झोपडीत त्याचे दोष शोधण्याऐवजी खाणीत, गिरणीत आणि गोदीत त्याच्या श्रमाचे मोल काय ठरते ते पाहा, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. ते तेथेच थांबले नाहीत. क्रॅडली हीथच्या साखळ्या बनविणाऱ्या स्त्रियांनी १९१० साली संप करून किमान वेतनाचा दर मिळविला होता. त्या किमान दराचा परिणाम काय झाला, याचा टॉनींनी तपशीलवार अभ्यास करून १९१४ मध्ये तो प्रसिद्ध केला. वेतन वाढले की धंदा बुडतो, या मालकवर्गाच्या लाडक्या युक्तिवादाला त्या अभ्यासाने उत्तर मिळाले. त्याच संस्थेत त्या सुमारास समाजसेवेच्या विद्यार्थ्यांना शिकविणारे एक तरुण अध्यापक होते क्लेमंट ॲटली. पूर्व लंडनच्या गरीब वस्तीत राहून ते समाजवादी झाले होते. १९४५ साली ते ब्रिटनचे पंतप्रधान झाले, आणि ५ जुलै १९४८ रोजी तेथे सर्वांसाठी मोफत राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. धर्मादाय दवाखान्याच्या दारात उभा राहणारा रुग्ण त्या दिवशी हक्कदार नागरिक झाला.

या हकीकतीतून दोन निष्कर्ष निघतात आणि ते परस्परांना छेद देतात. पहिला असा की, भांडवलदाराच्या पैशातूनही सत्याचा अभ्यास होऊ शकतो. मात्र अध्यापकाला प्रश्न विचारण्याचे स्वातंत्र्य हवे आणि बाहेर चाललेल्या कामगार चळवळीकडे त्याचे लक्ष हवे. दुसरा असा की, टाटांच्या गिरण्या ज्या भारतात चालत होत्या, तेथे १९११ च्या कायद्याने प्रौढ पुरुष गिरणी कामगाराचा दिवस बारा तासांचा ठरविला होता. मुंबईच्या आणि नागपूरच्या घामाचा पैसा इंग्लंडमधील दारिद्र्याच्या संशोधनास गेला, पण तोच प्रश्न मुंबईच्या चाळीत विचारण्यासाठी आणखी वाट पाहावी लागली.

ती वाट १९३६ साली नागपाड्यात संपली. सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीच्या साहाय्याने तेथे समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय उघडले आणि क्लिफर्ड मॅन्शार्ट त्याचे पहिले संचालक झाले. हीच पुढची टाटा समाजविज्ञान संस्था. या संस्थेचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. रुग्णाच्या खाटेशेजारी बसून त्याच्या घरची, धंद्याची, कर्जाची चौकशी करणारा वैद्यकीय समाजसेवक १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्रथम नेमला गेला. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने पाचशे वा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले, तेव्हा त्या जागांसाठी शिकलेली माणसे समाजकार्याच्या संस्थांतूनच आली.

परंतु याच कल्याण अधिकाऱ्याच्या स्थितीत सगळ्या प्रश्नाचे मर्म साठविलेले आहे. कायद्याने त्याला कामगाराचे कल्याण पाहण्यास सांगितले, आणि पगार मात्र मालकाने द्यावयाचा! उपाहारगृहातील चहा सुधारणे त्याला शक्य होते. वेतनवाढीच्या मागणीवर कामगारांनी काम थांबविले की त्याची जागा कोठे, हे पगारपत्रकच ठरवीत असे. कामगार त्याच्याकडे मालकाचा माणूस म्हणून पाहत, यात कामगारांचा अविश्वास जेवढा होता तेवढेच अनुभवाचे शहाणपणही होते. आजच्या कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व विभागातील पदवीधर हा त्या कल्याण अधिकाऱ्याचाच वारस आहे.

महाराष्ट्रात याला समांतर अशी दुसरी परंपरा होती. १९०५ साली नामदार गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. त्यात प्रवेश करणाऱ्या सदस्याला पाच वर्षे उमेदवारी करावी लागे. अर्थकारण, कायदा, प्रशासन यांचा अभ्यास आणि देशभर प्रवास हा त्याचा अभ्यासक्रम, आणि बेताच्या निर्वाहखर्चात जगण्याची प्रतिज्ञा ही त्याची फी. याच समाजातले ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली. रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने यांतून ते गिरणगावात शिरले, आणि १९२० साली आयटकच्या स्थापनेत अग्रभागी होते. सेवेतून संघटनेकडे जाण्याची ही वाट होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू केली, ती मूठ मूठ धान्य देणाऱ्या रयतेला दात्याच्या आसनावर बसवून. देणारा आणि घेणारा एकाच समाजातले असले म्हणजे दानाचा दर्प उरत नाही.

या परंपरेचा अभिमान जरूर बाळगावा, पण तिच्या उणिवा झाकू नयेत. ध्येयवादी पुरुषाचा संसार बहुधा त्याच्या पत्नीच्या पगारावर किंवा उपासावर चालला, आणि तिच्या त्यागाची नोंद संस्थेच्या अहवालात झाली नाही. संस्थापक गेल्यावर पुढे कोण, याची तजवीज अनेक ठिकाणी नव्हती. निर्वाहखर्चावर राबणे ज्यांना परवडत होते ते बहुतांशी उच्चवर्णीय होते. ज्याच्या पाठीमागे शेत नाही, नोकरदार भाऊ नाही, त्या दलित वा आदिवासी तरुणाला त्यागाचा उपदेश म्हणजे दार लावून घेणेच होय. पूर्णवेळ काम करणाऱ्याला रीतसर वेतन, निवृत्तीची सोय आणि कामाचे शिक्षण मिळणे ही चैन नाही. जो पक्ष सर्व श्रमिकांसाठी या गोष्टी मागतो, त्याने त्या आपल्या कार्यकर्त्याला नाकारणे विसंगत आहे.

आता वर्तमानाकडे वळू. अमेरिकेत परोपकाराचे शिक्षण पुन्हा जुन्या नावाकडे गेले आहे. देणग्या मिळविण्याचे तंत्र शिकविणारी शाळा तेथे १९७४ मध्ये निघाली; १९८७ मध्ये इंडियाना विद्यापीठात परोपकाराच्या अभ्यासाचे केंद्र झाले; आणि २०१२-१३ मध्ये त्याचे स्वतंत्र विद्यालयात रूपांतर होऊन त्याला औषधनिर्मितीतून धनवान झालेल्या लिली कुटुंबाचे नाव मिळाले. पदवीपासून डॉक्टरेटपर्यंतचे शिक्षण तेथे मिळते. भारतात २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे भाग पाडले. अलीकडे ही रक्कम वर्षाला तीस हजार कोटी रुपयांच्या घरात गेली आहे. तिच्यासाठी माणसे हवीत, म्हणून अभ्यासक्रमही निघाले. पण कारखाने आणि कार्यालये जेथे आहेत तेथेच या पैशाचा ओघ अधिक राहतो. महाराष्ट्र या बाबतीत देशात आघाडीवर, तर ईशान्येच्या वाट्याला अगदी थोडे. पैसा गरजेच्या मागे न जाता भांडवलाच्या मागे जातो.

येथे एक मूलभूत गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कायद्याने सक्तीचे केलेले दोन टक्के हे दान नव्हेच. देणगीवर आयकरात सवलत मिळते तेव्हा त्या देणगीचा काही भाग सरकारी तिजोरीतून, म्हणजे जनतेच्या खिशातून, आलेला असतो. तरीही तो कोठे खर्चावा हे ठरविते संचालक मंडळ, आणि लाभार्थ्याने आभार मानावयाचे ते कंपनीचे! हा लोकांचा पैसा लोकांच्या निर्णयाने खर्च होतो काय, हा परोपकाराच्या शिक्षणातील पहिला धडा असावयास हवा.

दात्याच्या मर्जीवर शिक्षण उभे राहिले की काय होते, याचा अनुभव खुद्द टाटा समाजविज्ञान संस्थेत आला. जून २०२४ मध्ये विश्वस्त निधीचे अनुदान न आल्याचे कारण देऊन शंभराहून अधिक कंत्राटी अध्यापक व कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केल्याच्या नोटिसा देण्यात आल्या. निधी देण्याचे आश्वासन मिळाल्यावर दोनच दिवसांत त्या मागे घेतल्या गेल्या. त्याआधी २०१८ मध्ये अनुसूचित जातिजमातींच्या आणि मागासवर्गीय विद्यार्थ्यांची फीसवलत काढून घेतल्याविरुद्ध त्याच संस्थेतील विद्यार्थ्यांना संप करावा लागला होता. गरिबीचा अभ्यास शिकविणाऱ्या संस्थेच्या दारातून गरिबाचाच मुलगा फीसाठी परत फिरत असेल, तर त्या अभ्यासात कोणाचा अनुभव उरेल? सरकारचे धोरणही येथे मदतीचे नाही. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती होऊन प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली, आणि मोठ्या संस्थेने लहान संस्थेला ती रक्कम देण्यास बंदी झाली. खेड्यातील लहान संस्थेचा आधार त्यामुळे तुटला.

मग समाजवाद्यांची मागणी काय असावी? शिक्षण नको, ही नव्हे. शिक्षणाचा मालक बदलावा, ही. गुजरातेत आणंद येथे डॉ. वर्गीस कुरियन यांनी १९७९ मध्ये ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था काढली, तिची मूळ कल्पना अशी की, व्यवस्थापनाचे उत्तम शिक्षण घेतलेल्या तरुणाने शेतकऱ्यांच्या सहकारी संघाची नोकरी करावी. पुढे तेथील अनेक पदवीधर कंपन्यांकडे वळले, आणि २०२५ च्या कायद्याने त्या संस्थेचे सहकार विद्यापीठ झाले. परंतु तज्ज्ञाने उत्पादकांच्या संघटनेला जबाबदार राहावे, हे मूळ सूत्र अचूक होते.

त्या सूत्राने अभ्यासक्रम कसा होईल, याचे एक उदाहरण पुरे आहे. महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या ४१ कक कलमानुसार धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीच्या दरात द्यावयाच्या आहेत. २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढावयाची आहे. सवलतीची जमीन आणि करमाफी घेतलेल्या या रुग्णालयांवर हे उपकार म्हणून सोपविलेले नाही. ते त्यांचे देणे आहे. तरीही शिधापत्रिका हातात घेऊन आलेल्या शेतमजुराला, खाट नाही, म्हणून सांगितले जाते. अशा वेळी दात्यांच्या नावाची पाटी रंगविण्यात कुशल असलेला पदवीधर निरुपयोगी आहे. खाटांची नोंदवही मागणारा, निधीचा ताळेबंद वाचणारा, धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करणारा आणि तो अर्ज रुग्णाच्या नातलगाला स्वतः करावयास शिकविणारा माणूस हवा आहे. हे ज्ञान कष्टाने मिळवावे लागते. केवळ तळमळीने येत नाही.

म्हणून हिशेब, कायदा, करपद्धती, संख्याशास्त्र हे विषय कार्यकर्त्याने शिकलेच पाहिजेत. त्यांच्या जोडीला वेतनाचा, जातीचा आणि जमिनीचा इतिहास असला पाहिजे. हे शिक्षण मराठीत मिळावे, फी सरकारने सोसावी, आणि विद्यार्थ्याची उमेदवारी कंपनीच्या कार्यालयाइतकीच कामगार संघटनेत, पाणीपंचायतीत, वनहक्काच्या दाव्यात व्हावी. प्रकल्पाचा अहवाल दात्याकडे जाण्यापूर्वी ज्या गावाविषयी तो लिहिला त्या गावाच्या ग्रामसभेत वाचून दाखविण्याचा नियम असावा. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करून दुष्काळातील मजुराच्या हाती अन्नछत्राच्या ताटाऐवजी कामाचा हक्क दिला होता. ज्या राज्याने ही दिशा दाखविली, त्याला हे अशक्य नाही.

आणि त्या कंपनीत गेलेल्या नातीला परकी मानू नये. तिला ताळेबंद वाचता येतो. चळवळीला तो वाचणारी माणसे हवी आहेत. तिच्या आठवड्यातील एक सायंकाळ धर्मादाय रुग्णालयाच्या नोंदवह्या तपासण्यासाठी मागावी, आणि तिला त्या नोंदवहीमागचा संघर्षाचा इतिहास सांगावा. प्रत्येक जिल्ह्यातील शाखेने या कामाचा आरंभ आपल्या गावच्या एका रुग्णालयापासून करावा. तेथील खाटा मोजल्या जाव्यात, आणि त्या आकड्यांची जाहीर चर्चा व्हावी.