मुलाच्या बाजूचा एक माणूस

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने येथील प्रत्येक श्रावक-श्राविकेला पाठ आहेत. पहिल्या तीन दानांची साक्ष समाजाने उभारलेल्या भोजनशाळा, दवाखाने, बोर्डिंगे आणि पाठशाळा देतात. अभयदान म्हटले की पांजरपोळ आठवतो, कसायाच्या दारातून सोडवून आणलेली जनावरे आठवतात. ते योग्यच आहे. परंतु भ्यालेले लेकरू हेही अभयदानाचे पात्र आहे, आणि त्याला अभय देण्याची एक निराळी रीत गेल्या अर्धशतकात अमेरिकेत रुजली आहे. समाजातील अनेक घरांतील मुले-मुली आज त्या देशात स्थायिक आहेत. त्यांच्यापैकी ज्यांना सेवेची ओढ आहे, त्यांच्या गावातच हे काम चालते. म्हणून या व्यासपीठावर हा विषय.

अमेरिकेत घरात मारहाण, छळ वा गंभीर हेळसांड होत असल्याचे आढळले, की न्यायालयाच्या आदेशाने मुलाला तेथून हलवून नातेवाइकांकडे, प्रतिपालक कुटुंबात किंवा संस्थेत ठेवतात. या व्यवस्थेला तेथे फॉस्टर केअर म्हणतात. हे दत्तक नव्हे. आईबापांनी सावरावे आणि मूल स्वगृही परतावे, हाच तिचा पहिला हेतू असतो. सप्टेंबर २०२३ अखेर सुमारे ३ लाख ४३ हजार मुले या व्यवस्थेत होती.

अशा खटल्यात शासनाच्या विभागाचा वकील असतो, आईचा असतो, बापाचाही असतो. विभागाच्या कार्यकर्त्यापाशी एकाच वेळी अनेक मुलांच्या फायली असतात. सारी चर्चा ज्याच्यासाठी, ते मूल मात्र पुष्कळदा त्या दालनात नसते. अशा मुलासाठी न्यायालयात कोणीतरी प्रतिनिधी नेमलाच पाहिजे, ही अट १९७४ च्या संघराज्यीय कायद्याने घातली. पण मुलाला प्रत्यक्ष भेटून, त्याची शाळा व घर पाहून बोलेल असा माणूस आणायचा कोठून?

सिएटल शहर ज्या किंग काउंटीत आहे, तेथील न्यायाधीश डेव्हिड सूकप यांना १९७६ मध्ये हाच प्रश्न छळू लागला. अपुऱ्या माहितीवर दिलेले निर्णय आठवून त्यांची झोप उडे. सामान्य नागरिकांनाच हे काम शिकवावे, असे त्यांना वाटले. दुपारच्या जेवणाच्या वेळी त्यांनी एक बैठक बोलावली. चार-पाच माणसे येतील असा त्यांचा अंदाज होता, आली पन्नास. १९७७ मध्ये काम सुरू झाले आणि पहिल्याच वर्षी ११० प्रशिक्षित स्वयंसेवकांनी ३७६ प्रकरणांतील ४९८ मुलांची बाजू पाहिली. पुढे हे काम बहुतेक सर्व राज्यांत पसरले. अशा स्वयंसेवकाला ‘कोर्ट अपॉइंटेड स्पेशल ॲडव्होकेट’, थोडक्यात ‘कासा’ म्हणतात. स्पॅनिश भाषेत कासा म्हणजे घर, हाही एक सुंदर योग.

नावात ॲडव्होकेट असले तरी त्यासाठी वकिलीची पदवी लागत नाही. पूर्वचारित्र्याची तपासणी होते, साधारण तीस तासांचे प्रशिक्षण होते, न्यायाधीशासमोर शपथ घ्यावी लागते. मग एका वेळी एक किंवा दोनच प्रकरणे दिली जातात. या कामाचे सारे बळ त्या ‘एक’ मध्ये आहे.

असे समजू या, की आठ वर्षांचा एक मुलगा दोन वर्षांत चार घरे आणि चार शाळा फिरला आहे. प्रत्येक शाळेने कागदावर ‘अभ्यासात मंद’ असे लिहिले. नवा कार्यकर्ता आला की तोच शेरा पुढच्या फायलीत उतरला. स्वयंसेविका त्याला नियमाने भेटते, त्याच्याबरोबर खेळते, शिक्षिकेशी बोलते. तिच्या ध्यानात येते की पोर पुस्तक नाकाशी धरून वाचते. चार घरे बदलण्याच्या धावपळीत त्याचे डोळे कोणी तपासलेच नव्हते! न्यायालयाला दिलेल्या अहवालात ती ही गोष्ट लिहिते, आणि तपासणीचा आदेश निघतो. चष्म्याची किंमत कोणीही दिली असती. तो हवा आहे हे पाहायला मात्र कोणी नव्हते.

आता कठीण भाग. स्वयंसेवकाने सर्वांचे ऐकावयाचे असते : आईचे, आजीचे, प्रतिपालक कुटुंबाचे, डॉक्टरांचे आणि मुलाचे. मुलाची इच्छा आणि मुलाचे हित एकच असेल असे नाही. अहवालात दोन्ही मांडावी लागतात. अनेकांत येथे प्रवचनाचा विषय राहत नाही. व्यसनमुक्तीचे उपचार घेणारी आई मुलाच्या भेटीला तीनदा आली नाही, एवढे फायलीत दिसते. ती बेपर्वा आहे, की भेटीची वेळ तिच्या कामाच्या वेळेत ठेवली होती, हे जाऊन विचारावे लागते. यात चूक झाली तर ती लहान नसते. १९९७ च्या कायद्यानुसार मूल मागील २२ महिन्यांपैकी १५ महिने फॉस्टर केअरमध्ये राहिले, तर काही अपवाद वगळता, आईबापांचे हक्क कायमचे संपविण्याचा अर्ज राज्याला करावा लागतो. एका आईचे मातृत्व कायद्याने मिटते; उलट घाईने घरी धाडलेले मूल पुन्हा मार खाते.

या व्यवस्थेवर तेथे टीकाही होते. स्वयंसेवकांत सुस्थितीतील गोऱ्या स्त्रियांचा भरणा असतो, तर कृष्णवर्णीय आणि मूलनिवासी मुलांचे फॉस्टर केअरमधील प्रमाण लोकसंख्येच्या मानाने अधिक आहे. गरिबीलाच हेळसांड समजले जाते, हा आक्षेप गंभीर आहे. जैन स्वयंसेवकाने तर अधिकच सावध असावे. ज्या घरात मांस शिजते, जेथे सूर्यास्तानंतर जेवणे होतात, ते घर मनातल्या मनात नापास करण्याचा मोह होईल. परंतु मुलाला हवी असते सुरक्षितता आणि माया. त्याच्या घराचा आचार बदलण्यासाठी न्यायालयाने कोणाला पाठविलेले नसते. व्रत स्वतःचे असते; त्याच्या मापाने परक्या आईला मोजता येत नाही.

आपल्याकडे २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार हे निर्णय बाल कल्याण समिती घेते. अध्यक्ष आणि चार सदस्य अशी तिची रचना आहे. त्याच कायद्यात प्रतिपालक कुटुंबाचीही तरतूद आहे, आणि महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. ‘कासा’सारखा स्वयंसेवक मात्र या रचनेत ठरवून दिलेला नाही. त्याला सर्वांत जवळची भूमिका पॉक्सो कायद्याखालील साहाय्यक व्यक्तीची. लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलाबरोबर तपासापासून खटल्यापर्यंत ही व्यक्ती उभी राहते, आणि मूल व पालक यांच्या संमतीने समिती तिला नेमते. त्याविषयी जिल्हा बाल संरक्षण कक्षात चौकशी करता येते. वसतिगृहासाठी खोली बांधून देणारे हात या समाजात पुष्कळ आहेत. न्यायालयाच्या बाकावर दिवसभर मुलाशेजारी बसणारे फार थोडे.

या सेवेत शिला बसत नाही, नाव कोरले जात नाही. मुलाचे छायाचित्र कोणाला दाखविता येत नाही, त्याची हकिकत घरी जेवताना सांगता येत नाही. त्याला स्वतःच्या घरी ठेवून घ्यावे असे कितीही वाटले, तरी ते या कामात बसत नाही. मूल घरी परतले किंवा दत्तक गेले, की न्यायाधीश प्रकरण बंद करतात आणि त्या आदेशानेच स्वयंसेवकाची नेमणूकही संपते. मग तो आपल्याजवळचे कागद कार्यालयात परत करतो. कधी कधी तेथेच दुसऱ्या मुलाची फाईल त्याची वाट पाहत असते.