फ्रेंच वाङ्मय : आरंभ कोठून करावा?



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी कित्येकांच्या मनात एक शंका आली असेल. कुंभार पिंपळगावचा आणि पॅरिसचा संबंध काय? शंका रास्त आहे, म्हणून प्रथम तिचेच निरसन करतो. सतराव्या शतकात ताव्हेर्निए नावाचा एक फ्रेंच जवाहिऱ्या हिऱ्यांच्या व्यापारासाठी त्या काळच्या औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, गोवळकोंड्याला जात असे. वाटेतील मुक्काम तो टिपून ठेवी. त्या टिपणांत अंबड आहे, आष्टी आहे, नांदेड आहे. १६७६ साली त्याचे प्रवासवर्णन पॅरिसला छापले गेले. अंबड आणि आष्टी यांच्या मधला मुलूख तो आपलाच. म्हणजे फ्रेंच वाचकाने आपल्या वाटेची हकीकत साडेतीनशे वर्षांपूर्वी वाचली. आपण त्यांच्या वाटेने गेलो, तर ती परतभेट होईल.

ही देवघेव एवढ्यावरच थांबलेली नाही. ला फोंतेन हा फ्रेंचांचा थोर नीतिकथाकार. फ्रान्सातील शाळकरी पोरे त्याच्या कथा पाठ म्हणतात. १६७८ साली त्याने आपल्या कथांचा दुसरा संग्रह काढला आणि प्रारंभीच कबुली दिली की, यातील पुष्कळशा कथांबद्दल आपण पिल्पाय नावाच्या हिंदी ज्ञात्याचे ऋणी आहोत. पिल्पायच्या नावाने तिकडे गेलेले भांडार म्हणजे आपले पंचतंत्र. काठी तोंडात धरून दोन पक्ष्यांबरोबर उडणारे आणि बोलण्याच्या मोहाने खाली पडणारे कासव आपल्या आजीच्या गोष्टीत आहे, तसेच ला फोंतेनच्या पुस्तकातही आहे. पुढे आपल्या तुकोबांचे अभंगही फ्रेंचमध्ये गेले. पुण्यात राहिलेले गी दल्युरी या फ्रेंच पाद्र्यांनी ते भाषांतर केले, आणि १९५६ साली ते पॅरिसला प्रसिद्ध झाले. आपले धन तिकडे मानाने नांदत असता त्यांचे धन आपण परके का मानावे?

शिवाय श्रोतेहो, आपण वाटतो तितके कोरे नाही. देवलांचे 'संगीत संशयकल्लोळ' आपल्यापैकी कोणी पाहिले नसेल, निदान त्यातील पदे ऐकली नसतील, असे आम्हांस वाटत नाही. त्या फाल्गुनरावाचा मूळ पुरुष पॅरिसचा आहे! मोलिएरने १६६० साली रंगभूमीवर आणलेल्या 'स्गानारेल' या प्रहसनावरून मर्फी नावाच्या इंग्रजी नाटककाराने १७६१ मध्ये एक नाटक रचले. त्यावरून देवलांनी १८९३ मध्ये 'फाल्गुनराव' हे गद्य नाटक लिहिले, आणि त्याचेच १९१६ मध्ये 'संशयकल्लोळ' झाले. मूर्च्छित पडलेली तरुणी, तिच्या हातून गळलेली तसबीर आणि त्या तसबिरीवरून नवराबायकोने एकमेकांवर घेतलेला संशय हे सारे मोलिएरच्या घरचे. हरिभाऊ आपट्यांचे 'मारून मुटकून वैद्यबुवा' आणि आचार्य अत्र्यांचे 'कवडीचुंबक' यांचाही मूळ धनी मोलिएरच. 'केरळ कोकिळ' मासिकातून १९०० च्या सुमारास 'चंद्रलोकची सफर' क्रमशः येऊ लागली, ती ज्यूल व्हेर्नची; आणि पुढे भा. रा. भागवतांनी त्याच व्हेर्नला मराठी मुलांचा सोबती करून टाकले. साने गुरुजींची 'दुःखी' ही कादंबरी व्हिक्तोर ह्यूगोच्या 'ले मिझेराब्ल'वरून उतरली आहे. तेव्हा आरंभ करायचा म्हणजे अनोळखी घराचे दार ठोठावायचे असे नव्हे. ज्या घरचे पदार्थ आपण सव्वाशे वर्षे खात आलो, त्या घरात एकदा पाऊल टाकायचे, इतकेच.

असे असूनही माणूस कचरतो. त्याच्या भीतीची कारणे तीन. पहिले भाषेचे. फ्रेंच येत नाही, मग वाचावे कसे? त्याला आमचे उत्तर असे की, संस्कृत न शिकलेल्या लाखो माणसांना गीता कळली ती ज्ञानेश्वरीतून. मराठी भाषांतर मिळाले तर उत्तम. न मिळाले तर शाळेत शिकलेल्या इंग्रजीवर भागवावे. जुनी इंग्रजी भाषांतरे आज आंतरजालावर फुकट मिळतात आणि हातातल्या मोबाइलवर वाचता येतात. कवितेचे मात्र वेगळे आहे. तिचा नाद भाषांतरात हरवतो, म्हणून बोदलेअरसारखे कवी प्रारंभी बाजूस ठेवावेत.

दुसरी भीती नावांची. ही नावे जिभेवर बसत नाहीत. त्यावर उपाय अगदी घरगुती आहे. पुस्तकात एक कागद घालून ठेवावा आणि पात्र आले की त्याचे नाव व नाते टिपावे. नाव चुकीचे उच्चारले म्हणून कोणी दंड करत नाही. खुद्द ह्यूगोला त्याच्या गावी 'ऊगो' म्हणतात; आपण ह्यूगो म्हणत आलो आणि त्यात त्याचे काही बिघडले नाही.

तिसरी भीती आकाराची. मोठा ग्रंथ पाहिला की छाती दडपते. पण आरंभ मोठ्या ग्रंथाने करावा असे सांगितले कोणी? पोहायला शिकणारा पोर प्रथम विहिरीच्या पायरीशी हातपाय मारतो, मग मध्यावर जातो. आम्ही सुचवतो तो क्रम त्याच रीतीचा आहे.

पहिली पायरी मोपासाँच्या लघुकथांची. त्यातही 'दोरीचा तुकडा' ही कथा आधी वाचावी. ती १८८३ सालची आहे. नॉर्मंडी प्रांतातील एका बाजारगावी आठवडी बाजार भरला आहे. ओशकोर्न नावाचा एक काटकसरी शेतकरी वाटेवर पडलेला सुतळीचा तुकडा वाकून उचलतो, आणि आपला जुना वैरी पाहतो आहे असे दिसताच ओशाळून काही तरी शोधत असल्याचे सोंग करतो. त्याच दिवशी कोणाचे तरी पैशाचे पाकीट हरवलेले असते. वैरी साक्ष देतो की, पाकीट यानेच उचलले. झडतीत काही निघत नाही. दुसऱ्या दिवशी पाकीट सापडते, ज्याला सापडले तो आणूनही देतो. तरी गाव म्हणते, यानेच साथीदाराकरवी परत केले असेल! तो बिचारा भेटेल त्याला दोरीची हकीकत सांगत सुटतो. जितके सांगावे तितका लोकांचा संशय बळावतो. शेवटी त्याच ध्यासाने खंगून तो मरतो, आणि वातातही दोरीचीच गोष्ट बडबडत असतो.

श्रोतेहो, ही कथा फ्रान्सची म्हणावी की आपल्या बाजाराची? गावच्या जिभेने निर्दोष माणूस कसा मारला जातो, हे आपणांस परके नाही. पूर्वी कुजबुज पारावरून चाले, आता ती मोबाइलवरून चालते, आणि अधिक वेगाने चालते. ही आठ-दहा पानांची कथा ज्याने मन लावून वाचली, तो पुढच्या वेळी ऐकीव गोष्ट दुसऱ्याच्या कानात घालण्यापूर्वी क्षणभर थांबेल. वाङ्मयाने एवढे केले तरी पुष्कळ झाले. त्यानंतर याच लेखकाची 'हिऱ्यांचा हार' वाचावी. उसना हार हरवल्यामुळे ऐन उमेदीची दहा वर्षे कर्ज फेडण्यात घालवणाऱ्या जोडप्याची ती कथा आहे. लग्नकार्यासाठी ऋण काढणाऱ्या प्रत्येक घराने ती वाचावी.

दुसरी पायरी मोलिएरची. 'संशयकल्लोळ' वाचून किंवा पाहून मग 'कंजूष' आणि 'तार्तुफ' ही त्याची नाटके घ्यावीत. 'तार्तुफ' हे भोंदू धार्मिकावरचे नाटक. १६६४ साली ते प्रथम झाले, लगेच त्याच्या जाहीर प्रयोगांवर बंदी आली, आणि पाच वर्षांनी, १६६९ मध्ये, ती उठली. ज्यांच्या कानावर दांभिकांवर कोरडे ओढणारे तुकोबांचे अभंग लहानपणापासून आहेत, त्यांना हे नाटक समजावून सांगावे लागणार नाही. आणखी एक योग पाहा. आपल्याच तालुक्यातील जांब येथे १६०८ साली जन्मलेले समर्थ रामदास आणि मोलिएर हे एकाच शतकातले. समर्थांनी दासबोधात मूर्खांची लक्षणे सांगितली. मोलिएरने ते मूर्ख रंगभूमीवर हिंडवले. समर्थांची मूर्खलक्षणे एकदा वाचावीत, मग मोलिएर वाचावा, आणि कोणते लक्षण कोणत्या पात्राला लागू पडते ते पाहावे. या खेळात जी गंमत आहे, ती कोणत्याही टीकाग्रंथात मिळणार नाही.

तिसरी पायरी कादंबरीची, आणि तिचा आरंभ बाल्झाकच्या 'पेर गोरिओ'ने, म्हणजे 'गोरिओ म्हाताऱ्या'ने करावा. ती १८३५ साली ग्रंथरूपाने आली. शेवयांच्या धंद्यात पैसा कमावलेला हा बाप आपल्या दोन मुलींची मोठ्या घरी लग्ने करून देतो आणि जे आहे ते त्यांच्यावर उधळतो. जसजसा पैसा सरतो, तसतसा तो खाणावळीच्या चांगल्या खोलीतून वरच्या स्वस्त खोलीत जातो. तो शेवटच्या घटका मोजत असता एक मुलगी येतच नाही, दुसरी येते तेव्हा त्याची शुद्ध गेलेली असते. प्रेतयात्रेच्या मागे जावयांच्या रिकाम्या गाड्या तेवढ्या येतात. 'नटसम्राट' पाहून ज्यांचे डोळे भरले, त्यांना हा म्हातारा ओळखीचा वाटेल.

याला जोडून झोलाची 'ला तेर', म्हणजे 'जमीन', ही १८८७ सालची कादंबरी सुचवावीशी वाटते. ती रांगडी आहे, कित्येक ठिकाणी अंगावर येते, म्हणून प्रौढांनीच वाचावी. फुआँ नावाचा म्हातारा शेतकरी हयातीतच आपल्या तीन मुलांत जमिनीची वाटणी करतो आणि बदल्यात पोटगी मागतो. कागद करणाऱ्याच्या कचेरीत त्या पोटगीवरून मुलांनी बापाशी घातलेली घासाघीस वाचताना मान खाली जाते. पुढे त्याचे जे हाल होतात ते येथे सांगत नाही. बांधावरून भाऊ भावाशी बोलत नाही, खातेफोड झाली की आईबापांचे ताट कोठे वाढावे याचा वाद पडतो, ही दुःखे आपल्या भागात थोडी नाहीत. आपल्या घरचे दुःख आपण जवळून पाहतो, म्हणून ते नीट दिसत नाही. दूर देशीच्या माणसाच्या घरात तेच दिसले, की आपली चूकही कळते आणि समोरच्याची अडचणही कळते.

चौथी पायरी 'ले मिझेराब्ल'ची. १८६२ सालचा हा प्रचंड ग्रंथ. प्रथम साने गुरुजींची 'दुःखी' वाचावी, म्हणजे कथेचा धागा हाती येईल; मग विस्तृत भाषांतराकडे वळावे. पावासाठी चोरी करून, आणि मग पळून जाण्याच्या प्रयत्नांपायी, एकोणीस वर्षे बंदिवास भोगलेला ज्याँ वाल्ज्याँ, त्याने चांदीची भांडी चोरली असताही त्याच्या हाती दीपदानेही ठेवणारा धर्माधिकारी, आणि कायद्यापलीकडे काही न दिसणारा पोलीस अधिकारी झावेर ही माणसे एकदा भेटली की जन्मभर सोबत राहतात. मध्येच वॉटर्लूची लढाई येईल, पॅरिसच्या गटारांचा इतिहास येईल. पहिल्या वाचनात ती प्रकरणे ओलांडली तरी पाप लागत नाही. कथा मात्र सोडू नये.

पाचव्या पायरीवर व्होल्तेरचे 'कांदीद' आणि फ्लोबेरची 'मादाम बोव्हारी' ही पुस्तके ठेवावीत. १७५५ साली लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले, आणि जे घडते ते सारे भल्यासाठीच, या तत्त्वज्ञानावरील व्होल्तेरचा विश्वास पार उडाला. १७५९ मध्ये त्याने 'कांदीद' लिहून त्या तत्त्वज्ञानाची यथेच्छ टवाळी केली. १९९३ साली किल्लारीचा भूकंप ज्या मराठवाड्याने सोसला, त्याला या लहानशा पुस्तकातील हसण्यामागचा हुंदका ऐकू येईल. 'मादाम बोव्हारी'मुळे १८५७ साली फ्लोबेरवर अनीतीचा खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. ही कादंबरी घाईने वाचू नये. तिच्यात घटना थोड्या आहेत. मनाचा ठाव मात्र खोल आहे.

येथे कोणी म्हणेल की, मराठीतलेच अजून निम्मे वाचून झालेले नाही, मग फ्रेंच कशाला? हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. मराठी न वाचता फ्रेंचची प्रौढी मिरवणारा मनुष्य आम्हांसही रुचत नाही. परंतु देवलांनी, हरिभाऊंनी, साने गुरुजींनी बाहेरचे आणले, ते मराठीवर प्रेम होते म्हणूनच आणले. शेजाऱ्याकडचे चांगले बियाणे आणून आपल्या रानात लावणारा शेतकरी आपल्या रानाशी द्रोह करत नाही.

आता वाचावे कसे, एवढे सांगून संपवतो. चातुर्मासात आपल्याकडे पोथी लागते. एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात, मध्येच कोणी अर्थ विचारतो, कोणी आपला अनुभव सांगतो. ग्रंथवाचनाची याहून चांगली पद्धत कोणत्याही विद्यापीठाने काढलेली नाही. पाच-सात जणांनी आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवावी. ज्याला इंग्रजी येते त्याने दोन-चार पाने आधी वाचून मराठीत सांगावीत. आजीलाही कळेल अशा शब्दांत सांगावीत. आजीला कळले नाही, तर सांगणाऱ्याला कळले नाही असे समजावे. एकट्याने वाचायचे असेल, तर रोज दहा पानांचा नेम पुरे. महिन्यात तीनशे पाने होतात. प्रस्तावना शेवटी वाचावी. पन्नास पानांनंतरही पुस्तक रुचले नाही, तर खुशाल बाजूस ठेवून दुसरे घ्यावे; ते पुस्तक कोठे पळून जात नाही. आणि गावच्या किंवा तालुक्याच्या वाचनालयात मागणी नोंदवावी. मागणी आल्याशिवाय कपाटात पुस्तक येत नाही.

श्रोतेहो, एवढ्या उन्हाळ्यात एकच करा. ती दोरीच्या तुकड्याची कथा मिळवा आणि घरात मोठ्याने वाचून दाखवा. वाचून झाल्यावर ऐकणाऱ्यांत जी चर्चा होईल, ती आमच्या या तासाभराच्या बोलण्याहून अधिक मोलाची असेल.