सुईचें भय आणि दांताचें दुखणें



दांत दुखूं लागला म्हणजे मनुष्य लवंगेचें तेल लावतो, मिठाच्या पाण्यानें चुळा भरतो, रात्र जागून काढतो. पण दंतवैद्याचें नांव काढीत नाहीं. कारण दुखण्याहून त्याला बधिर करण्याच्या सुईचें भय अधिक वाटतें. वरूडसारख्या गांवीं, जेथें संत्र्यांच्या हंगामांत एक दिवस मोकळा सांपडणें कठीण, तेथें या भयाला सबबीहि आयत्या मिळतात. मग गाल सुजतो, पू धरतो, आणि अमरावती किंवा नागपूर गांठण्याची पाळी येते. साधी कीड कोरून जो दांत वांचला असता, तो काढावा लागतो. म्हणून ही सुई कमी कशी दुखेल, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे.

या बधिरतेसाठीं मनुष्यानें पुष्कळ सायास केले आहेत. १८४४ सालीं अमेरिकेंत होरेस वेल्स या दंतवैद्यानें हास्यवायु हुंगून स्वतःची दाढ काढवून घेतली. १८८४ सालीं कार्ल कोलर यानें व्हिएन्ना येथें कोकेननें डोळा बधिर करून दाखविला, आणि त्याच वर्षीं न्यूयॉर्क येथें हॉल्स्टेड यानें जबड्याच्या मज्जातंतूपाशीं तेंच औषध टोंचलें. पण कोकेनचें व्यसन जडतें. खुद्द हॉल्स्टेडलाहि तें जडलें. पुढें १९०५ च्या सुमारास नोव्होकेन प्रचारांत आलें. १९४३ सालीं स्वीडनमध्यें नील्स लोफग्रेन यानें लिग्नोकेन तयार केलें. १९४८ सालीं तें विक्रीस आलें, आणि आपल्याकडे आजहि बहुधा तेंच वापरतात.

सुई दुखते ती मुख्यतः तीन कारणांनीं. टोंक हिरडींत शिरतें, हें पहिलें. औषधाच्या दाबानें आंतील मांस ताणलें जातें, हें दुसरें. आणि औषध स्वतः आम्ल असतें, हें तिसरें. त्यांतील अ‍ॅड्रिनॅलिन टिकावें म्हणून तें तसें ठेवावें लागतें.

पहिल्या कारणावर उपाय सोपा आहे. जागा कोरडी करून तीवर बधिर करणारा लेप लावावा, व एक-दोन मिनिटें थांबावें. लेपाचा गुण दोन-तीन मिलिमीटरच खोल जातो. पण टोंचणी बोथट होण्यास तेवढा पुरे. लेप लावून लगेच सुई टोंचली तर तो न लावल्यासारखाच. शिवाय ओठ ताणून धरावा व जवळची जागा हलकेच दाबावी वा हालवावी. स्पर्शाच्या संवेदना वेदनेची वाट अडवितात, अशी उपपत्ति मेल्झॅक व वॉल यांनीं १९६५ सालीं मांडली. सुई बारीक असावी असें सर्वांस वाटतें. परंतु नेहमींच्या बारीक सुयांत रोग्याला फारसा भेद जाणवत नाहीं.

दुसऱ्या कारणावर उपाय एकच, आणि तो म्हणजे सावकाशपणा. एक मिलिलिटर औषधाला एक मिनिट, हें प्रमाण उत्तम. टाळूचें मांस हाडाला घट्ट चिकटलेलें असल्यामुळें तेथें तर घाई मुळींच चालत नाहीं. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बसवितांना साल किती अलगद सोडवावी लागते, हें आमच्या बागाइतदारांस सांगावयास नको. येथेंहि हात तसाच हवा. ठरलेल्या मंद गतीनें औषध सोडणारीं यंत्रेंहि आतां निघालीं आहेत. पण संथ हातानें तें काम पुष्कळ साधतें.

तिसऱ्या कारणासाठीं कांहीं दंतवैद्य टोंचण्यापूर्वीं औषधांत सोड्याचें मोजलेलें निर्जंतुक द्रावण मिसळून त्याची आम्लता कमी करतात. फार थंड औषधहि टोंचूं नये.

आतां रोग्याचें कर्तव्य. पू झाल्यावर तेथील मांस आम्ल होतें व औषधाचा गुण येत नाहीं. यास्तव लवकर जावें. वैद्यानें मना केलें नसेल तर थोडें खाऊन जावें, म्हणजे भोंवळ येण्याचा संभव कमी होतो. हृदयविकार, रक्त पातळ करणारीं औषधें, पूर्वीं एखादें औषध बाधलें असल्यास तें, हें सर्व आधीं सांगावें. सुईनंतर क्षणभर छाती धडधडली तर ती बहुधा अ‍ॅड्रिनॅलिनची. तरी तेंहि सांगावें. दुखल्यास हात वर करीन, असा संकेत ठरवून घ्यावा. थांबविणें आपल्या हातीं आहे, एवढ्या जाणिवेनेंच भय निम्में ओसरतें. आणि खर्रा खाणारांनीं लक्षांत ठेवावें, कीं त्यानें पुढें तोंडच उघडेनासें होतें. मग सुई नीट देणेंहि कठीण.

मातापित्यांना एक विनंति. “ऐकलें नाहींस तर डॉक्टर सुई टोंचील,” असा धाक मुलांना घालूं नये. तसेंच “मुळींच दुखणार नाहीं,” असें खोटेंहि सांगूं नये. मुंगी चावल्यासारखें होईल, मग ओठ जड वाटेल, एवढें खरें सांगावें. बेन्झोकेनचा लेप दोन वर्षांखालील मुलांना घरीं लावूं नये. ओठ कित्येक तास बधिर राहतो; तोंवर मूल तो चावणार नाहीं, याकडे लक्ष ठेवावें.

वेदना सोसणें हें कांहीं शौर्य नव्हे, आणि ती टाळण्याची काळजी घेणें हे लाडहि नव्हेत. ज्याची पहिली सुई सुखानें गेली तो पुन्हां वेळेवर येतो, आणि त्याचे दांत म्हातारपणापर्यंत त्याची सोबत करतात.