जमीन आपली, एल्क राज्याचा

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या पश्चिम भागात, रॉकी पर्वताच्या उतारांवर, पशुपालकांच्या विस्तीर्ण खाजगी जमिनी आहेत. माथ्याकडे स्प्रूस आणि अ‍ॅस्पेन वृक्षांची रांग, खाली गवताचे कुरण आणि त्यातून वाहणारा ओढा. सप्टेंबर लागला, की पहाटेच्या अंधारात या कुरणांवर एक चमत्कारिक स्वर उमटतो. आरंभी खोल, मग चढत चढत शिट्टीसारखा बारीक होणारा आणि शेवटी घोगऱ्या हुंकारांत विरणारा. तीनशे किलोंहून अधिक वजनाच्या देहातून इतका कोवळा स्वर निघावा, याचे नवख्याला नवल वाटते. ही माजावर आलेल्या एल्क नराची आरोळी होय.

एल्क हा आपल्या काश्मीरच्या हंगुलाचा जवळचा नातलग. शौनी या आदिवासी भाषेत त्याला ‘वापिती’, म्हणजे पांढऱ्या ढुंगणाचा, म्हणतात. नराची शिंगे दरवर्षी गळून पडतात आणि उन्हाळ्यात पुन्हा उगवतात. वाढीच्या ऐन भरात ती दिवसाला दोन सेंटिमीटरांहूनही अधिक वाढतात. पूर्ण वाढलेल्या नराच्या प्रत्येक शिंगाला बहुधा सहा टोके असतात.

आता असा एक नर जमीनमालकाच्या स्वतःच्या कुरणात चरत उभा आहे, असे समजा. कुंपण मालकाचे, गवत मालकाचे, पाणीही बहुधा मालकाच्या हक्काचे. एल्क मात्र त्याचा नव्हे. परवान्यावाचून त्याने बंदूक चालविली तर तो गुन्हेगार ठरतो, मग जमीन त्याच्या आजोबांपासून चालत आलेली का असेना. इंग्लंडात एके काळी अरण्यातील हरणे राजाची मानीत आणि रयतेने ती मारल्यास कठोर शासन होई. अमेरिकेत राजा उरला नाही. त्याच्या जागी लोक आले, आणि लोकांच्या वतीने राज्य हे वन्य पशूंचे विश्वस्त, असा विचार रूढ झाला. १८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. १९७९ साली त्याच न्यायालयाने मालकीची ती उपपत्ती रद्द ठरविली. परंतु पशूंच्या संरक्षणाचा व नियमनाचा राज्यांचा अधिकार अबाधित राहिला.

हा काटेकोरपणा उगाच आलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाजारासाठी केलेल्या बेसुमार शिकारीने कोलोरॅडोतून एल्क जवळजवळ नाहीसा झाला होता. केवळ त्याचे दोन सुळे घड्याळाच्या साखळीला लटकविण्यासाठीही कित्येक एल्क मारले गेले; मनुष्याच्या हौसेला सीमा नसते हेच खरे. १९१३ आणि १९१४ साली यलोस्टोनहून एल्क आणून एस्टेस पार्कच्या परिसरात सोडण्यात आले. आज अमेरिकेत एल्कांचा सर्वांत मोठा समुदाय याच राज्यात आहे. या पुनरुज्जीवनाचा खर्च बव्हंशी शिकाऱ्यांनीच उचलला: काही परवान्यांच्या शुल्कातून, काही बंदुका व काडतुसांवरील करातून. त्या कराचे उत्पन्न वन्यजीवांच्या कामी लावणारा कायदा १९३७ सालचा आहे.

जमीनमालकाची बाजूही ऐकली पाहिजे. हिवाळ्यात बर्फ पडले, की एल्कांचे कळप खाली उतरतात, गुरांसाठी रचलेल्या गंजी फस्त करतात, तारांची कुंपणे तोडतात. रानडुकरांनी ऊस आडवा केलेला पाहणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे दुःख समजावून सांगावे लागणार नाही. कोलोरॅडो राज्य अशा हानीची भरपाई देते. शिवाय ज्याची सलग १६० एकर किंवा अधिक शेतजमीन आहे, त्याला परवान्यांच्या सोडतीत वेगळा वाटा मिळण्याची सोय आहे. हा हक्क दुसऱ्याला देता येतो आणि त्याचे चांगले पैसेही होतात. सार्वजनिक ठेव अशा रीतीने धनिकांच्या हाती जाते, हा टीकाकारांचा आक्षेप सहज झटकून टाकण्याजोगा नाही. पण कळपाला हिवाळाभर पोसणाऱ्याला काहीच देऊ नये, हेही न्यायाचे दिसत नाही.

रायफलचा हंगाम ऑक्टोबरात येतो. परवाना खिशात असला तरी नियम सुटत नाहीत. सूर्योदयाला अर्ध्या तासाहून अधिक अवधी असताना बार टाकता येत नाही. स्वतःच्या शेतातही अंगावर भडक नारिंगी किंवा गुलाबी वस्त्र हवे. पुष्कळ भागांत शिंगाला ठराविक टोके असल्याखेरीज नर मारता येत नाही, म्हणून दुर्बीण बंदुकीइतकीच महत्त्वाची. खरी कसोटी मात्र कुंपणाशी लागते. जखमी नर दोन उड्यांत शेजाऱ्याच्या हद्दीत गेला, तर परवानगीवाचून मागे जाता येत नाही. शेजाऱ्याशी पाण्यावरून वाद चाललेला असेल, तर तो पशू तिथेच तडफडून वाया जाण्याचा संभव. म्हणून जाणता मालक हद्दीजवळच्या नरावर नेम धरीत नाही, आणि ऑक्टोबरापूर्वी शेजाऱ्याकडे एक फेरी टाकून येतो.

नर पडला, की श्रम सुरू होतात. परवान्याच्या चिठ्ठीवर सही व तारीख घालून ती धडाला बांधायची. कातडे इतके जाड, की थंडीतही आतली ऊब निघत नाही आणि हाडालगतचे मांस काही तासांत नासू लागते. तेव्हा पोट तत्काळ फाडून आतडी काढणे, कातडे सोलणे, चार तंगड्या वेगळ्या करणे ओघाने आलेच. मागची एक तंगडीच तीस किलोंच्या आसपास भरते. घोडा नसेल तर ती पाठीवरून आणायची. खाण्याजोगे मांस रानात टाकून नुसती शिंगे नेणे हा तिथे दंडनीय अपराध आहे.

अलीकडे आणखी एक काम वाढले आहे. १९६७ साली याच राज्यात बंदिस्त हरणांमध्ये प्रथम आढळलेला एक असाध्य मेंदूविकार आता एल्कांतही पसरला आहे. तो मनुष्याला झाल्याचे सिद्ध झालेले नाही. तरीही शिकारी मुंडके तपासणीसाठी नेऊन देतो, आणि निकाल येईपर्यंत कागदात गुंडाळलेले, तारीख घातलेले मांस शीतपेटीत तसेच पडून राहते.